माणिकबाग: घर इंदुरात, घराचा जीव लिलावात?

रामबागकर

माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती इंटिरियर डिझाइन शिकते. म्हणाली, "मावशी, आज वर्गात इंदूरचं एक घर दाखवलं. कोर्बुझिएची आरामखुर्ची, आयलीन ग्रेची खुर्ची, रूलमानचं टेबल, युरोपातल्या नामवंत डिझायनरांचं सगळं एकाच घरात! तू पाहिलंयस ते?" मी म्हटलं, कुठलं गं? तर म्हणे माणिकबाग. मग खरं ते सांगून टाकलं. पाहिलंय की, हजारदा पाहिलंय, रस्त्यावरून. आत टॅक्सचं ऑफिस आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंदूर दरबारावर ठपका आलेल्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ साली इंदूरचे राजे तिसरे तुकोजीराव होळकर यांना गादी सोडावी लागली आणि सतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले. शिकायला ते ऑक्सफर्डला होते. तिथे त्यांची एकार्ट मुथेसियस या बर्लिनच्या तरुण आर्किटेक्टशी गाठ पडली. हा त्यांच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा, नावावर फारसं काम नाही. त्याला यशवंतरावांनी आपलं राहतं घर बांधायला दिलं. १९३० ते १९३३ एवढ्या काळात ते उभं राहिलं. दारं-खिडक्यांपासून दिव्यांपर्यंत बरंच काही जर्मनीत बनवून घेऊन बोटीने आणलं. खोल्या थंड ठेवायची यंत्रणाही बसवली. राजा-राणी स्वतः पॅरिसमध्ये हिंडून वस्तू निवडत, सोबत आंरी-पिएर रोशे हा कलेतला जाणकार सल्लागार. सोन्यो आणि अलिक्स या जोडीने काच आणि धातूचे पलंग केले, दा सिल्वा ब्रूनने गालिचे विणवून दिले, प्विफोरकाने चांदीची भांडी दिली. मुथेसियसने स्वतः लालभडक खुर्च्या केल्या, त्यांच्या पाठीतच वाचायचे दिवे. ब्रांकुशी या शिल्पकाराचे ते उंच निमुळते 'पक्षी' तर एक सोडून तीन घेतले.

यशवंतराव १९६१ साली गेले. पुढे संस्थानिकांचे तनखेही गेले. मे १९८० मध्ये मोंते कार्लोला सदबीज या लिलाव कंपनीने या घरातल्या सामानाचा लिलाव केला. घर केंद्र सरकारच्या उत्पादन शुल्क खात्याकडे आलं, आता तिथे जीएसटीवाले बसतात.

आता माझं मत. वाद घालायचा तर यावर घाला. माणिकबागेला आता 'वारसा' म्हणण्यात अर्थ नाही. त्या घराची शैली भिंतींत नव्हतीच, सामानात होती. लाकूड, क्रोम, काच, कातडं, गालिचा आणि त्यावर पडणारा उजेड, एवढ्याचं मिळून ते घर. ते सगळं उचलून नेल्यावर मागे राहतो तो एक दुमजली पांढरा बंगला. सिव्हिल लाइन्समध्ये असे शंभर सापडतील. भेटेल तो हळहळतो आणि म्हणतो, "संग्रहालय करा, नकला करून ठेवा." नकला ठेवायच्या असतील तर त्या इंदुरातच कशाला? फर्निचरच्या कुठल्याही शोरूममध्ये कोर्बुझिएच्या खुर्चीची नक्कल मिळते. त्यापेक्षा साहेब लोक बसताहेत ते बरं. निदान छप्पर गळलं तर लगेच दुरुस्त होतं.

---

गवंडीकाम

धागाकर्तीताई, लेख छान, मत साफ चूक. आर्किटेक्ट आहे, त्यामुळे जरा तिखट लिहितोय, राग मानू नका.

तुम्ही ज्याला 'पांढरा बंगला' म्हणता तो १९३० सालच्या हिंदुस्थानात उभा करून बघा. त्या वेळी संस्थानिकाचं घर म्हणजे काय होतं? मेजर मँट या इंग्रज आर्किटेक्टने कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला, बडोद्याच्या लक्ष्मीविलासचा आराखडाही त्याचाच. घुमट, छत्र्या, कमानी, मनोरे, जिथे जागा मिळेल तिथे नक्षी. तुमच्या इंदुरातच लालबाग आहे. १८८६ पासून १९२१ पर्यंत त्याचं काम चाललं होतं आणि फाटक थेट बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावरून बेतलेलं. म्हणजे बापजाद्यांच्या डोळ्यासमोर 'राजवाडा' हा शब्द असा होता. आणि त्याच गावात नऊ-दहा वर्षांत पोरगं बिनघुमटाचं, बिनकमानीचं, लांबट आणि बसकं घर बांधतं. घोड्याच्या नालेसारखा आराखडा, आखूडसुद्धा मनोरा नाही, पोलादी चौकटींच्या खिडक्या. 'नाही' म्हणणं हीच इथली शैली आहे, ताई. हातोडा आपटून ते 'नाही' कुणाला विकता येत नाही.

आणि दुसरं. आधुनिक म्हणवणाऱ्या घराला सपाट गच्ची हवी, हा त्या काळी युरोपात जवळपास धर्मच झाला होता. माणिकबागेचं छप्पर मात्र उतरतं आहे आणि वळचण भिंतीच्या बरीच बाहेर येते. का? कारण माळव्यातला पाऊस. जर्मन पोराने पुस्तकातला नियम बाजूला ठेवला आणि आकाशाचं ऐकलं. याला मी वास्तुकला म्हणतो, फर्निचर नाही.

---

चकटफू

"आकाशाचं ऐकलं" 😄 आमच्या बिल्डरने आकाशाचं काही ऐकलं नाही, दर जुलैत आकाश आमच्या हॉलमध्ये येऊन बोलतं.

---

रामबागकर

@गवंडीकाम, राग अजिबात नाही. पण तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो बघा. छप्पर उतरतं, वळचण रुंद, भिंती पांढऱ्या, हे सगळं इंग्रजांच्या प्रत्येक डाकबंगल्यात होतं. मग बाहेरून यात 'आधुनिक' काय उरलं? फक्त घुमट नाही एवढंच? तसं तर माझ्या वडिलांच्या रामबागेतल्या घरालाही घुमट नव्हता.

---

स्प्रेकाठचा_सदू

बर्लिनहून लिहितोय. छपराचा विषय निघालाच आहे तर गप्प बसवत नाही.

एकार्टचे वडील हरमान मुथेसियस हे इथलं मोठं नाव. १८९६ ते १९०३ ते लंडनच्या जर्मन वकिलातीत होते. सरकारी काम कागदोपत्री, मन सगळं इंग्रजांच्या घरांत. परत येऊन त्यांनी इंग्लिश घरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला: चुली कशा, न्हाणीघरं कशी, खिडकीपाशी बसायची जागा कशी. घर दर्शनी भागापासून नव्हे तर राहणाऱ्याच्या रोजच्या हालचालीपासून सुरू व्हावं, असा त्यांचा आग्रह. १९०७ साली 'वेर्कबुंड' ही कारागीर आणि कारखानदार यांना एकत्र आणणारी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तेच आघाडीवर. त्याच सुमाराला त्यांनी निकोलासे भागात स्वतःचं घर बांधलं. उंच उतरतं छप्पर, बाहेरून अगदी शांत. एकार्ट अशा घरात वाढला.

आता गंमत. निकोलासेच्या शेजारीच त्सेलनडोर्फ. १९२८ साली तिथे जे झालं त्याला इथे आजही 'छपरांची लढाई' म्हणतात. रस्त्याच्या एका बाजूला आर्किटेक्ट ब्रुनो टाउट आणि मंडळींची सपाट छपरांची रंगीत वसाहत. त्यांना धडा शिकवायला म्हणून समोरच दुसऱ्या संस्थेने मुद्दाम उतरत्या छपरांची वसाहत बांधली. छप्पर सपाट म्हणजे डावा, उतरतं म्हणजे परंपरावादी, इतकं ते टोकाला गेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी श्टुटगार्टला नव्या वास्तुकलेची नमुना वसाहत झाली होती. पुढे तिची टिंगल करणारं एक चित्रकार्ड निघालं. सपाट गच्च्यांमधून उंट आणि अरब हिंडताहेत असं चित्र. म्हणजे जर्मनांच्या लेखी सपाट गच्ची ही 'पूर्वेकडची' आणि उतरतं छप्पर अस्सल जर्मन!

आणि या वातावरणातून निघालेला पोरगा खऱ्याखुऱ्या पूर्वेला जाऊन उतरतं छप्पर घालतो. गवंडीकाम म्हणतात माळव्याचा पाऊस. मला वाटतं थोडा पाऊस, थोडे वडील.

बाकी रामबागकर यांच्याशी अर्धा सहमत. या घराण्यात घर म्हणजे दाराच्या मुठीपर्यंत सगळं एकसंध. एकार्टने यशवंतरावांचा रेल्वेचा डबासुद्धा सजवला होता. अशा घरातून फर्निचर काढणं म्हणजे खोलीतून टेबल काढणं नव्हे, वाक्यातून क्रियापद काढणं.

---

गवंडीकाम

सदूभाऊ, छपराच्या लढाईबद्दल धन्यवाद, हे मला अजिबात माहीत नव्हतं. "थोडे वडील" मान्य.

क्रियापद काढलं तरी वाक्याचा अर्थ पुष्कळदा लागतो, हे मात्र नोंदवून ठेवतो. आणि नालेचा आकार विसरू नका. तिन्ही बाजूंनी खोल्या, मधे मोकळी जागा. आपल्या वाड्याच्या चौकाची ही एक बाजू उघडलेली आवृत्ती नाही का?

---

रामबागकर

नाही. असा आकार दिसला की लगेच वाडा दिसायला लागतो, हा तुम्हा आर्किटेक्ट लोकांचा जुना आजार आहे. वाड्याचा चौक बायकांच्या कामाचा असतो. तिथे तुळस, हौद, वाळवणं, भांडी. चौकात उभं राहिलं की घरातल्या चारही बाजूंना हाक पोचते. माणिकबागेच्या मोकळ्या जागेत कुणी पापड वाळत घातले असतील असं वाटतं तुम्हाला?

---

गवंडीकाम

😀 हरलो. पापडांपुरता.

---

पोहा_जलेबी

भिया, मी आत्ताही इंदुरातच राहतो, तर अपना मत द्यायचा हक्क आहे.

पहिली गोष्ट, इथल्या माणसाला माणिकबाग म्हटलं की रस्ता आठवतो, राजवाडा नाही. 'माणिकबागेत बोलावलंय' असं आमच्या दुकानात कुणी म्हटलं की सगळे एकदम गंभीर होऊन जातात, कारण त्याचा अर्थ एकच. आमचे बाबा तर हात जोडायचे. दुसरी गोष्ट, तुम्ही लोक शैली-शैली करून राहिले आहात, पण हे घर गावाने कधी पाहिलंच नाही. लालबागेत माझी शाळेची सहल गेली होती. राजवाडा तर रोजचा, सराफ्यात रात्री खायला जाताना समोरच उभा. तो चौऱ्याऐंशीला जळला तेव्हा लोक रडले, आजी अजून सांगते. माणिकबागेचं सामान गेलं तेव्हा कुणी रडल्याचं मी तरी ऐकलं नाही. जे कुणी पाहिलंच नाही त्याचं काय रडणार?

तर मावशी, मी तुमच्या बाजूने, पण कारण वेगळं. शैली सामानात होती म्हणून नाही. ती गावात कधी आलीच नाही म्हणून.

---

हिशेबनीस

शेवटी कुणीतरी मूळ मुद्द्याला हात घातला. १९३० म्हणजे जगभर मंदी. कापसाचे भाव पडलेले. इंदूर संस्थानचा पैसा कुठून येत होता? कापूस, गिरण्या, शेतसारा. माळव्यातला कुणबी भाव पडला म्हणून कपाळाला हात लावून बसला असताना त्याचा राजा पॅरिसमध्ये बिबट्याचं कातडं घातलेली आरामखुर्ची निवडत होता. आणि आपण इथे वळचणीवर काव्य करतोय.

अशा घराला वारसा म्हणायचं का, या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो: कुणाचा वारसा? करवसुली खात्याकडे ते गेलं यात मला तरी न्याय दिसतो. करातून बांधलं, करात गेलं.

---

चकटफू

"करातून बांधलं, करात गेलं" हे गेटवर कोरून लावा. पाटीवरही जीएसटी लागेल, अठरा टक्के.

---

गवंडीकाम

@हिशेबनीस, तुमच्या रागाशी भांडण नाही. पण तोच हिशेब पुरा करू. त्याच सुमारास, १९२९ ते १९४३, जोधपूरला उमेदभवन बांधलं जात होतं: ३४७ खोल्या, वर भलामोठा घुमट. त्याचं समर्थन 'दुष्काळी काम' म्हणून होतं आणि आज तिथे हॉटेल आहे. मोरवीलाही नवा राजवाडा चालू होता. या रांगेत माणिकबाग ठेवा. राजाराणी, बाहेरचे चार पाहुणे आणि पुस्तकं यांच्यासाठीचं घर. दरबार हॉल हा त्याचा मध्यबिंदूच नाही. उधळपट्टी होतीच, पण ती स्वतःच्या डोळ्यासाठी होती, प्रजेला दिपवण्यासाठी नव्हे. पोहा_जलेबी म्हणतात गावाने पाहिलंच नाही. बरोबर, ते गावाला दाखवायला बांधलंच नव्हतं. संस्थानिकाने *खासगी* घर बांधणं हीच तेव्हाची नवी गोष्ट होती.

---

हिशेबनीस

म्हणजे प्रजेचे पैसे, पण प्रजेला बघायलाही नाही. आणि ही प्रगती. धन्य.

---

तांबडा_पांढरा

राव, इतका वेळ वाचतोय. यशवंतराव, मुथेसियस, कोर्बुझिए, सगळे बाप्ये. एका माणसाचं नाव मूळ लेखात 'राजा-राणी'मधली 'राणी' म्हणून येऊन गेलं ते परत काही निघालं नाही.

संयोगिताराणीसाहेब आमच्याकडच्या. कागलकर घाटग्यांची लेक, धाकट्या पातीची. आमचे शाहू महाराज जन्माने कागलचेच, थोरल्या पातीचे, म्हणजे घर काय तोलाचं ते समजून घ्या. लहानपणी लग्न झालं आणि पुढं ही पोरगी नवऱ्याबरोबर पॅरिसला. मान रे या फोटोग्राफरनं काढलेले त्या दोघांचे फोटो बघा एकदा. राजेशाही ऐट नावाला नाही, खिदळताहेत दोघं, एकमेकांच्या अंगावर रेलून. तसला फोटो त्या काळात आमच्या आज्जीनं बघितला असता तर फ्रेम उलटी करून ठेवली असती.

तर मुद्दा असा. त्या घरातल्या निम्म्या खोल्या तिच्यासाठी आखलेल्या. तिचा पलंग वेगळा, तिचं न्हाणीघर वेगळं. १९३७ ला स्वित्झर्लंडमध्ये ती वारली. विशीतली होती ओ, पदरात लहानगी मुलगी. घर १९३३ ला पुरं झालेलं. किती वर्षं राहिली त्यात? चार, तीही अर्धी परदेशात.

रामबागकरताई, तुम्ही म्हणता घराचा जीव १९८० ला लिलावात गेला. माझ्या मते तो १९३७ लाच गेला. सामान नंतर त्रेचाळीस वर्षं नुसतं पडून होतं.

---

रामबागकर

@तांबडा_पांढरा, हे वाचून खरंच वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. बाई असून मीच 'राजा-राणी' लिहून पुढे गेले.

तुम्ही म्हणता ते ब्रांकुशीच्या गोष्टीशीही जुळतं. माणिकबागेच्या आवारात एक ध्यानमंदिर बांधायचं होतं. आत पाण्याचं कुंड आणि भोवती ते तीन पक्षी, एक पांढरा संगमरवरी, एक काळा, एक ब्राँझचा. १९३८ च्या सुरुवातीला ब्रांकुशी त्यासाठी स्वतः इंदुरात आला होता. राहिला, आणि हात हलवत परत गेला. मंदिर झालंच नाही. पांढरा आणि काळा पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, पाण्यातच उभे केलेले. म्हणजे कुंड मिळालं, फक्त इंदूरचं नाही.

पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो ना? जिथे जीव होता ती माणसं गेली, वस्तू गेल्या. भिंतींना काय विचारायचं?

---

कलम_तीन

कायद्याचा माणूस आहे. बऱ्याच ठिकाणी प्रश्न विचारला जातो: हे सगळं देशाबाहेर गेलंच कसं, सरकार झोपलं होतं का?

सरकार झोपलं नव्हतं, कायद्यालाच हे घर दिसत नव्हतं. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अंमलात आला १९७६ ला. त्यात पुरावस्तू व्हायला साधारणपणे शंभर वर्षं लागतात, हस्तलिखितासारख्या दस्तऐवजाला पंचाहत्तर. १९८० साली ही खुर्ची पन्नासची होती. म्हणजे पेशवाईतला एखादा फुटका तांब्या बाहेर न्यायला बंदी, आणि रूलमानचं मॅकॅसर आबनुसाचं टेबल म्हणजे जुनं फर्निचर! 'कलानिधी' म्हणून जाहीर करता आलं असतं, पण तेही एकेक वस्तूचं नाव घेऊन आणि कलावंत हयात नसेल तरच. आयलीन ग्रे १९७६ पर्यंत जिवंत होती. हिशोब करा: माणिकबागेतली एखादी खुर्ची आजही घरात असती तर ती २०३० नंतर 'पुरावस्तू' होणार.

म्हणून माझा मुद्दा दोघांपेक्षा वेगळा. सामान वाचवायची संधी कायद्याने कधी दिलीच नाही. इमारत मात्र सरकारच्याच ताब्यात आहे. जे हातात आहे त्यालाच नुसता 'पांढरा बंगला' म्हणणं हे मला परवडणारं वाटत नाही.

---

स्प्रेकाठचा_सदू

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. पुढचा भाग मी जोडतो. २०१९ साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात याच घराचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, लाल खुर्च्या, दिवे, गालिचे, फोटो. त्याआधी २०१६ ला बुते द मोंव्हेलने काढलेलं यशवंतरावांचं मराठा पोशाखातलं चित्र पॅरिसमध्ये सुमारे पंचवीस लाख युरोंना गेलं. पांढरीशुभ्र बैठक, त्यावर पांढऱ्या कपड्यातला राजा, डोक्याला होळकरी पगडी. याच चित्रकाराने त्यांना १९२९ मध्ये काळ्या युरोपीय सुटात रंगवलं होतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की वाटतं, माणिकबाग म्हणजे या दोघांच्या मधे उभं असलेलं घर.

पण ते पॅरिसचं प्रदर्शन बघणाऱ्याला एक गोष्ट मिळाली नाही, ती इंदुरातच मिळते: मे महिन्यात त्या खिडकीतून येणारा उजेड. रामबागकर, तुम्हीच लिहिलंत, "त्यावर पडणारा उजेड". उजेड विकला गेला नाही.

---

रामबागकर

हे तुम्ही बरोबर पकडलंत. माझ्याच वाक्यात मला अडकवलं.

ठीक, एवढं मागे घेते: 'शंभर बंगल्यांपैकी एक' हे अतिशयोक्त होतं. घुमटाला 'नाही' म्हणण्याचा मुद्दा आणि छपराची लढाई या दोन गोष्टींनी मी हलले. पण नकला करून संग्रहालय उभं करायला माझा विरोध अजून तसाच आहे. खोटी लाल खुर्ची ठेवलीत तर लोक तिच्यासोबत सेल्फी काढतील आणि भिंतीकडे बघणारसुद्धा नाहीत. आणि भिंतच खरी, असं तुम्हीच सगळे सांगताय.

---

गवंडीकाम

अहो, मग भांडण कशाचं उरलं? नकला मलाही नकोत. खोल्या रिकाम्या ठेवा, मूळ फोटो खोलीत लावा. घर नवं असतानाचे उत्तम फोटो आहेत. माणसाने फोटो बघायचा, मान वळवायची, खोली बघायची. बास.

---

हिशेबनीस

आणि कर्मचारी कुठे बसणार? त्या खोल्यांत माणसं काम करतात. वारसावाल्यांना माणसं दिसत नाहीत हीच गंमत आहे. मुंबईची मरीन ड्राइव्हकडची आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग २०१८ ला जागतिक वारसा यादीत गेली. तिथे लोक राहतात, कपडे वाळत घालतात, तरी गेलीच ना? 'रिकामं करा' हे पहिलं वाक्य का असतं प्रत्येक वेळी?

---

गवंडीकाम

मुद्दा घेतला. मरीन ड्राइव्हचं उदाहरण तुमच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं.

---

स्प्रेकाठचा_सदू

यावर इथली एक साधी पद्धत सांगतो. जर्मनीत सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी 'उघड्या वास्तूंचा दिवस' असतो. एरवी बंद असलेली घरं, ऑफिसं, कारखाने त्या दिवशी उघडतात. काम करणारे सोमवारी परत आपल्या जागेवर. कुणाला हलवायला नको, नकला करायला नकोत.

---

पोहा_जलेबी

रविवारी तर ऑफिस बंदच असतं. हे होऊ शकतं भिया. मी पहिला लाइनीत. फक्त बाबांना नाही सांगणार कुठे चाललो, ते घाबरतील.

---

तांबडा_पांढरा

उघडलं तर संयोगिताराणीसाहेबांच्या खोलीत एक तरी फुल ठेवा कुणीतरी. कागलहून आणायची जबाबदारी माझी.

---

हिशेबनीस

रविवार चालेल. तिकीट मात्र नको. एकदा पैसे भरलेत लोकांनी.

---

रामबागकर

दिवाळीत माहेरी जाणार आहे. गेटवर जाऊन विचारून बघते, नुसतं अंगणातून छप्पर बघू देतात का. भाचीही येतेय, म्हणते मोजपट्टी घेऊन येते वळचण मोजायला.

---

चकटफू

जीएसटी नंबर सोबत घेऊन जा मावशी. आत घेतील लगेच. बाहेर कधी सोडतील ते सांगता येत नाही.